रुमालाखाली चार बोटं

घोडेगावच्या बाजारात इच्यारा, सूर्यभान दलाल कसा मानूस हाय. कोन म्हनंल तोंडाचा फटकळ, कोन म्हनंल डोक्याचा गरम. दोन्ही खरं हाय. पन सौद्यात लबाड हाय असं तीस वरसांत कुनी म्हनलं नव्हतं. म्हनले ते बहात्तर साली, अन् तेबी भर बाजारात, माज्या तोंडावर. का म्हनले ते सांगतो.

माजा एकुलता एक पोरगा गोरक्ष पलटनीत हुता. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली, आपन जिंकलो, गावात पेढं वाटलं. मीबी वाटलं. चौथ्या दिवशी तार आली, गोरक्ष बेपत्ता. मंग दोन म्हैन्यांनी रेडक्रॉसचं एक कार्ड आलं. त्याच्यावर त्याच्या हातच्या तीन वळी. मी पाकिस्तानात कैदेत आहे, तब्येत बरी आहे, काळजी करू नये. काळजी करू नये म्हनं. लिहिनाऱ्याचं काय जातंय. तवापासनं माज्या डोक्यात एकच किडा वळवळाय लागला, ह्यो पोरगा घरी कवा येनार.

पेपर वाचायचं काम सुनंकडं हुतं. पुष्पावती सातवी शिकल्याली, लगीन होऊन पुरतं वरीस झालं नव्हतं. मी रोज येशीवरल्या दुकानातनं शिळा पेपर आनायचो, ती चुलीपाशी बसून वाचायची, अन् माजी बायको छबू भाकरी थापता थापता ऐकायची. जुलै म्हैन्यात एक दिवस सून म्हनली, "मामा, सिमल्याला करार झाला. दोन्ही देशांच्या सह्या झाल्या."

"कैद्यांचं काय?"

तिनं पेपर उलटा केला, सुलटा केला. "पश्चिमेकडं आपण जिंकलेली जमीन परत द्यायची ठरली आहे. कैद्यांचं पुढच्या बोलणीत ठरवू, असं आहे."

त्या दिवशी माजं अन्न उडालं. घास तोंडात फिरायचा, पन खाली उतरायचा न्हाई. रातीची झोप गेली, दिवसाचं बसनं गेलं. उभा राह्यलो तर वाटायचं बसावं, बसलो तर वाटायचं कुठं तरी चालत सुटावं. त्यात तो दुष्काळ. पान्याचा थेंब न्हाई, अन् बाजारात जनावरांची ही दाटी. घेनारा एक, इकनारे शंभर.

आता आमच्या धंद्याची एक रीत हाय, ती सांगितल्याशिवाय फुडचं कळायचं न्हाई. आमचा सौदा रुमालाखाली होतो. इकनारा अन् घेनारा समोरासमोर उकिडवे बसत्यात, दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा, अन् आतल्या आत बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. शेकडा का हजार, ते आधी तोंडानं बोलायचं. वर तुमी काय बी बडबडा, माजा बैल म्हंजी राजा हाय, तुज्यासारख्याच्या दावनीला बांधनार न्हाई, खुशाल बोला. खाली मात्र बोटं खरं बोलत्यात. रुमालाखाली खोटा आकडा द्यायचा न्हाई, अन् रुमालाखालचा आकडा वर कुनाला सांगायचा न्हाई. ह्या दोन गोष्टींवर बाजार उभा हाय.

नवखी मानसं म्हनत्यात, एवढी लपवाछपवी कशाला? अरं बाबा, बसनाऱ्या दोघांकडं बघू नगंस, त्यांच्या मागं उभं कोन हाय ते बघ. शेवगावाकडचा एक गडी खिलारी जोडी घेऊन आल्ता. मी घेनारा आनला, रुमाल टाकला, दहा मिंटात जुळलं. तेवढ्यात त्याच्या मेव्हन्यानं मागनं रुमाल उचलला. "एवढ्यात दिलीस व्हय? आमच्या दारातली जोडी एवढ्यात?" झालं. गड्यानं हात मागं वढला. "कुठं दिली? मी दिलीच न्हाई," म्हनला. जोडी माघारी गेली, अन् पंधरा दिवसांनी त्याच्याहून कमी भावात इकली. त्याला बैलांची पडली नव्हती, पैशाचीबी पडली नव्हती. मेव्हन्यासमोर नाक खाली जाऊ नये, एवढंच. असले मेव्हने मी तीस वरसं हाकलत आलोय.

सिमल्याचं ऐकलं तवा पयलं हेच माज्या डोक्यात आलं. दोघं बसले, जुळलं, सह्या केल्या. आता मागची मानसं रुमाल उचलायला नगंत.

पन ती तर माज्याच गावात निघाली.

राधाकृष्ण म्हनून एक फुडारी हुता आमच्यात. वय चाळिशीचं, इस्तरीची टोपी, गोड गळा. त्याला साखर कारखान्याच्या निवडनुकीत डायरेक्टर व्हायचं हुतं, अन् त्याच्या समोर उभा हुता आमच्या खासदाराचा पुतन्या. आता ऊस वाळून चाललेला, त्यावर बोलावं तर दोघांकडं बी पानी न्हाई. मंग राधाकृष्णनं पाकिस्तान काढला. खासदाराच्या पक्षाचं सरकार, सरकारनं जिंकल्याली जमीन परत द्यायचं कबूल केलं, म्हंजी खासदारानं दिली, म्हंजी पुतन्यानं दिली. पुतन्यानं उभ्या जन्मात नगरच्या फुडं पाऊल टाकलं नव्हतं. पन लोकांना पटलं. भिंतीवर चुन्यानं लिहिलं, 'रक्ताने घेतली, शाईने देऊ नका'. पारावर बसनारा बी म्हनाय लागला, एक इंच द्यायची न्हाई.

एक दिवस राधाकृष्ण माज्या घरी आला. ओसरीवर टेकला, छबूनं गुळाचा च्या दिला.

"तात्या," तो म्हनला, "येत्या बाजाराला खासदार जनावरांची छावनी बघाय येनार हाय. आमी त्याला बाजारातच अडवनार. तुमी फुडं राहा. जवानाचा बाप फुडं असला म्हंजी त्याला पळता येनार न्हाई."

"अन् मी काय करू फुडं राहून?"

"इच्यारायचं, जमीन देनार का न्हाई. बस."

मला त्याच येळी न्हाई म्हनाय पायजे हुतं. पन मी विचार केला, खासदार हाय, दिल्लीत बसतो, त्याला ठाव असंल कैदी कवा सुटनार. जवळ तरी जाता यील. म्हनून मी व्हय म्हनलो. लोभ वाईट, मंग त्यो पोटच्या पोराचा का असंना.

बाजारादिवशी खासदाराची जीप आली तशी राधाकृष्णच्या पोरांनी आडवी बैलगाडी घातली. खासदार खाली उतरला. साठीचा मानूस, धोतर, कोल्हापुरी वहाना. बाप त्याचा आमच्यासारखाच जनावरं सांभाळनारा, हे मला ठाव हुतं. बैलगाडीत हातात धरायचा भोंगा ठिवल्याला. दोन-तीन हजार लोक जमले. बैलांची दावी हातात धरून मानसं घोषना देत हुती.

खासदारानं भोंगा हातात घेतला अन् खणखणीत आवाजात म्हनला, "आपल्या जवानांनी रक्त सांडून मिळवलेली इंचभर जमीनसुद्धा..." अन् थांबला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाक्य त्यानं पुरं केलंच न्हाई. देनार म्हनला न्हाई, न देनार म्हनला न्हाई. मी मनात म्हनलं, गडी बाजारात मुरल्याला हाय.

राधाकृष्णला बी ते कळलं. त्यानं माज्या पाठीवर हात ठिवून मला फुडं ढकललं अन् भोंगा माज्या तोंडाफुडं धरला. अन् कानात हळूच म्हनला, "तात्या, म्हना, माजा पोरगा तिकडंच राह्यला तरी चालंल, पन जमीन देऊ नका."

घरी बसून हे त्यानं सांगितलं नव्हतं. मी लोकांकडं बघितलं. सगळे माज्या तोंडाकडं बघत हुते. त्यात निम्म्यांची जनावरं मी जुळवून दिल्याली. म्हनलो असतो तर मला खांद्यावर घेतलं असतं. गोरक्षच्या नावानं गावात कमान उभी केली असती. अन् गोरक्ष तिकडंच. न्हाई म्हनलो असतो तर देशाला बुडवनारा झालो असतो.

आता मानसाचं डोकं बंद पडलं की हात आपल्या सवयीनं चालत्यात. माज्या हातानं खांद्यावरचा रुमाल काढला, खासदाराचा उजवा हात धरला, अन् दोन्ही हातांवर रुमाल टाकला. मी भोंग्यापासनं तोंड वळवून हळूच म्हनलो, "साहेब, म्हैनं." म्हंजी, माजा पोरगा किती म्हैन्यांत येनार, आकडा सांगा.

खासदार चमकला. माज्याकडं बघितलं. त्याचा हात माज्या हातात नुसता पडून राह्यला. मंग हळूहळू त्याची बोटं वळली, माजी चार बोटं त्यानं मुठीत धरली अन् दाबली. चांगली दाबली. अन् वर भोंग्यात म्हनला, "या बापाचं दुःख मला कळतं. मी स्वतः दिल्लीत त्याचा आवाज पोचवीन." परत टाळ्या. जीप निघून गेली.

चार म्हैनं. मला मोठ्यानं रडावं वाटलं, पन बाजारात रडायची सोय न्हाई.

राधाकृष्ण तावातावानं आला. "काय म्हनला तो?"

"काय न्हाई."

"रुमाल टाकला अन् काय न्हाई?"

"न्हाई म्हनलं ना."

खरं सांगावं तर पंचाईत हुती. मी म्हनलो असतो की खासदारानं चार म्हैन्यांत कैदी येत्याल असा आकडा दिला, तर ह्या गड्यानं त्याच घडीला भोंगा लावला असता, बघा, कैद्यांच्या बदल्यात जमीन द्यायचं आतून ठरलंय. मंग खासदाराला म्हनावं लागलं असतं, मी असं बोललोच न्हाई. त्याच्या वरच्याला म्हनावं लागलं असतं. अन् तिकडच्या गावांत बी असलेच राधाकृष्ण असत्याल की. त्यांची जमीन गेली, नव्वद हजार मानसं आपल्या कोठडीत, त्यांच्या बायका काय गप बसल्या असत्याल? तेबी आपल्या सरकारचा रुमाल उचलून बघत असत्याल. मी गप बसलो.

पन बाजार गप बसला न्हाई. लोकांनी रुमाल बघितला हुता. अन् रुमाल टाकला म्हंजी सौदा झाला, हे घोडेगावात शेंबडं पोरगं बी सांगंल. दिवस मावळायच्या आत बोभाटा झाला की सूर्यभाननं खासदाराकडनं पैसं घेतलं, म्हनून त्याचं तोंड बंद झालं. कुनी म्हनलं चार शेकडा, कुनी म्हनलं चार हजार. आकडा चार हाय हे त्यांना कसं कळलं देव जानं. बहुतेक माजी बोटं दिसली असत्याल.

चुकलं माजंच. तीस वरसं दुसऱ्यांची गर्दी हाकलली, अन् सोताचा सौदा तीन हजार मानसांत केला.

फुडच्या बाजाराला मी गेलो तर माज्यासमोर कुनी बसंना. एक म्हातारा शेतकरी, त्याच्या तीन पिढ्यांची बैलं आमच्या घरानं जुळवल्याली, तो तोंडावर म्हनला, "सूर्यभान, पोराचे पैसे पचत न्हाईत रं." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. घरी आलो तर सून चुलीपाशी मान खाली घालून बसल्याली. गावातल्या बायकांनी पान्यावर तिला ऐकवलं हुतं.

"मामा," ती म्हनली, "खरं काय ते मला तरी सांगा."

"सांगन्यासारखं काय न्हाई."

ती उठून आत गेली. त्या दिवसापासनं पेपर वाचायची, पन माज्याकडं बघायची न्हाई. कोर्टातला कारकून वाचतो तसं वाचायची.

पोटात गोष्ट ठिवायची मला सवय हुती, पन ही लई जड झाली. आठव्या दिवशी पहाटं छबू गोठ्यात म्हशीची धार काढत हुती. दुष्काळात सगळी दावन मोकळी झाल्ती, ती एकच म्हैस तिनं कडबा उसना आनून जगवल्याली. मी जाऊन दाराला टेकलो अन् सगळं बोलून टाकलं. रुमाल, चार बोटं, म्हैनं. धंद्याचा नेम मोडला, पन म्हनलं आईला तरी कळू दे.

छबूनं मान वर केली न्हाई. चरवीत धार पडत हुती. "चार का?" ती म्हनली. "म्हंजी दिवाळीच्या फुडं. बरं झालं बाई."

"कुनाला बोलू नगंस. पोरीला बी न्हाई."

"मी कशाला बोलतीया. खासदारानं सांगितलं म्हंजी खरंच असंल. आज भाकरीसंग काय करू तुमाला?"

मी म्हनलं, पिठलं कर. अन् त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. छबूचा भरवसा बघून मला आनखी भरवसा आला. मी दिवस मोजाय लागलो. लोक काय बी बोलू द्यात, माज्याकडं आकडा हुता.

दोन म्हैनं असं गेलं. मंग एक दिवस सुनंनं वाचलं, "सीमारेषेची आखणी थांबली. एका खेड्याजवळच्या दीड मैलाच्या तुकड्यावरून दोन्ही बाजू अडून बसल्या आहेत. तोवर सैन्य मागं जाणार नाही."

"दीड मैल?"

"दीड चौरस मैल असं लिहिलंय."

मी उठलो, चपला घातल्या, परत काढल्या. दीड मैल. आमच्या गायरानात मावंल एवढं. सैन्य मागं जानार न्हाई, म्हंजी जमीन माघारी जानार न्हाई, म्हंजी कैदी कोन सोडनार? मला काय करावं सुचंना. दिल्ली लांब, लाहोर लांब. जवळ एकच हुता, राधाकृष्ण. मी तरातरा त्याच्या वस्तीवर गेलो. बाहेर पोरं नवी पाटी रंगवत हुती, 'दीड मैलही देऊ नका'. पेपर त्यांनी बी वाचला हुता.

मी त्याला बाजूला घेतलं. "राधाकृष्ण, हे थांबव. माज्या पोरासाठी थांबव. तुज्या लगनात ह्याच हातानं मी अक्षता टाकल्यात."

त्यानं आजूबाजूला बघितलं, मला गोठ्यामागं नेलं, अन् आवाज उतरवून बोलला. तिथं त्याचा गोड गळा नव्हता.

"तात्या, देवाशपथ, गोरक्ष यावा असं मला बी वाटतंय. पन आता मी गप बसलो तर लोक म्हनत्याल, ह्याला बी खासदारानं गप केलं, तुमच्यासारखं. अन् माज्या मागं दोन गडी टपून बसल्यात माज्याहून मोठ्यानं बोंबलाय. मी उतरलो की ते चढत्याल. तुमच्या पोराचा फायदा काय?"

"मंग कवर चालनार हे?"

"कारखान्याची निवडनूक हू द्या. दुसऱ्या दिवसापासनं मी तुमच्या संगं."

"अन् निवडनूक कवा?"

"तारीख लागली न्हाई अजून."

मी त्याला शिवी घालनार हुतो. पन बघतो तर गड्याचं तोंड खरंच पडल्यालं. चुन्याची बादली घेऊन पोरं आली तसा त्यो परत वरच्या पट्टीत गेला, "एक पाऊल मागं न्हाई." मी माघारी आलो. वाटंत मला वाटलं, तिकडं वर बसल्याले दोघं बी असंच म्हनत असत्याल, तुमचं पटतंय हो, पन आमच्यातली तारीख लागू द्या. अन् त्यांच्या तारखंपायी माजा गोरक्ष कुठल्या तरी कोठडीत तारखा मोजतोय. मला असा संताप आला की वाटंतल्या बाभळीवर मी काठी मोडली. छबूला सांगितलं तर ती म्हनली, "खासदारानं चार सांगितलंय न्हवं? मंग? बसा जेवाय." मी बसलो.

डिसेंबरच्या पयल्या तारखंला रेडिवोवर बातमी आली. दीड मैलाचं भांडन अजून मिटलं नव्हतं, तरी वाघ्याच्या नाक्यावरनं आपले कैदी आले. सहाशेच्या वर. आपन त्यांचे पश्चिमेकडं धरल्याले सोडले. बाकी नव्वद हजारांचं अजून न्हाईच. दोन दिवसांनी तार आली, त्यात गोरक्षचं नाव. बाजारापासनं मोजलं तर बरूबर चार म्हैनं अन् वर दोन दिवस. पुष्पावतीनं दारात उभं राहून तार वाचली, परत एकदा वाचली. मंग आत आली, अन् माज्या पायावर डोकं ठिवलं. माज्या पायावर कशाला ठिवलं, मी काय केलं हुतं.

डिसेंबर सरता सरता गोरक्ष घरी आला. गाल बसल्याले, केस बारीक कापल्याले, पन चालत आला, सोताच्या पायानं. येशीवर दोन हार तयार. एक राधाकृष्णच्या हातात, लोकांच्या दबावामुळंच कैदी सुटले म्हनत. दुसरा पुतन्याच्या हातात, सरकारच्या करारामुळंच सुटले म्हनत. दोघांची धक्काबुक्की झाली, अन् दोन्ही हार खाली पडून तुडवले गेले. त्या निवडनुकीत फुडं दोघं बी आपटले, तिसराच निवडून आला. ते एक बरं झालं.

लोक माज्याकडं परत आले. कुनी माफी मागितली न्हाई, पन रुमालाखाली हात घालाय लागले, म्हंजी तेच.

छबूनं चार म्हैन्यांत म्हशीचं शेरभर तूप साठवलं हुतं. ती म्हनली, "खासदाराला नेऊन द्या. मानसानं उपकार ठिवू नयेत." मी नगरला त्याच्या बंगल्यावर गेलो. सकाळची येळ, एकटाच बसल्याला. तुपाची बरनी टेबलावर ठिवली.

"हे कशाला, सूर्यभानराव?"

"आकडा पाळला म्हनून."

"कसला आकडा?"

मी सांगितला. बाजार, रुमाल, चार बोटं. तो हसला न्हाई, एवढं त्याच्या बाजूनं सांगतो.

"सूर्यभानराव, मला त्यातलं काय ठाऊक असणार? दिल्लीत आम्ही मागच्या बाकावर बसतो. करार झाला तोसुद्धा मी पेपरात वाचला."

"मंग चार कसं म्हनलात?"

"तुमचा हात बर्फासारखा गार पडला होता. समोर ती गर्दी, तोंडाशी भोंगा, पुतण्याची निवडणूक. तुम्हाला काहीतरी द्यायला हवं होतं, आणि तिथं दुसरं काहीच देता येत नव्हतं."

"तीन का न्हाई? पाच का न्हाई?"

"तुमचा अंगठा रुमालात अडकला होता, हाताला चारच लागली," तो म्हनला.

मी उठून उभा राह्यलो. "साहेब, वर खोटं बोलत्यात. खाली न्हाई बोलत कुनी. तुमचा बाप जिता असता तर त्यानं तुमाला बाजारातनं हाकललं असतं."

"वर मी खोटं बोललोच नव्हतो," तो हळू आवाजात म्हनला. "वर तर मी काहीच बोललो नव्हतो." त्याचं तोंड उतरल्यालं. बरनी मी तिथंच ठिवली. दिल्यालं तूप माघारी आनायचं नसतं.

येष्टीत सगळी वाट मी धुमसत आलो. पोरगा घरी हाय, सुखरूप हाय, मंग तुला राग कशाचा, असं मीच मला इच्यारत हुतो. पन राग जाईना. चार म्हैनं मी पैसं खाल्ल्याला म्हनून फिरलो, ते कशासाठी? रुमालात अडकलेल्या अंगठ्यासाठी.

घरी आलो. गोरक्ष रानात गेल्ता, सून त्याच्या मागं भाकरी घेऊन गेल्ती. छबू अंगनात बाजरी पाखडत हुती. मी सगळं तिच्यावर ओतलं. ती पाखडतच राह्यली.

"मला ठावं हुतं," ती म्हनली.

"काय ठावं हुतं?"

"त्याला काय कळनार हाय म्हनून. आपल्या गावातली हापशी दुरुस्त करायला त्याला तीन वरसं लागली. त्याला पाकिस्तानातलं कोन सांगतंय?"

"तू तर म्हनली हुतीस, खासदारानं सांगितलं म्हंजी खरंच असंल."

"म्हनले हुते."

"मंग का म्हनलीस?"

"तुमी म्हैनाभर अन्नाला नीट शिवला नव्हता. त्या दिवशी जेवलात. मी कशाला मोडू?"

मी खाली बसलो. लोकांच्या तोंडावरनं त्यांच्या मनातला भाव वळखनारा मी मानूस. चार म्हैनं त्या बाईच्या हातची भाकरी तिच्यासमोर बसून खाल्ली, अन् तिच्या तोंडावर मला एकदाबी काय दिसलं न्हाई.

"अन् तू?" मी म्हनलं. "तुला तर आकडा नव्हता. तू कशावर काढलेस हे चार म्हैनं?"

तिनं सूप थांबवलं. बाजरीतला एक खडा येचला अन् लांब फेकला.

"पोरीसमोर रडता येत नव्हतं, तुमच्यासमोर बी न्हाई. धार काढताना रडून घ्यायचे. म्हशीला सवय झालीया त्याची. आता गोरक्ष आलाय, तरी मी बसले की ती आधी मान वळवून माज्याकडं बघती, मंग दूध सोडती."

मी हात फुडं केला, तर तिचे दोन्ही हात सुपात गुतल्याले.

"उद्यापासनं धार मी काढत जाईन," मी म्हनलं.

"तुमच्या हाताला ती पान्हवत न्हाई," ती म्हनली, अन् परत पाखडाय लागली.